चपलांपाशी बसणारे वॉर्डन

माणसाच्या नम्रतेचाही वैताग येऊ शकतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. गर्विष्ठ माणसाचं सोपं असतं. मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घालायच्या आणि मोकळं व्हायचं. पण जो माणूस तुमच्या आधी वाकतो, तुमच्या चपला उचलून सरळ ठेवतो, तुमचं उष्टं ताट हातातून ओढून घेतो आणि वर तुमच्याचकडे क्षमा मागतो, त्याचं काय करायचं सांगा. मी तर त्यांना पायऱ्यांवर पाहिलं की मोबाइल काढून उगीच बोलत बसायची.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, पुण्याबाहेर चांद्याच्या रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर भरतं. इतर दिवशी तिथं बारावीचे क्लास असतात. फळ्यावरची गणितं कोणी पुसत नाही, त्यामुळे पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की त्यांच्या डोक्यामागे सूत्रं लिहिलेली दिसतात. येणारे बहुतेक नगर, श्रीरामपूर, जालन्याकडचे. कोणी हिंजवडीत कॉम्प्युटरवर, कोणी नर्स, आणि माझ्यासारखी लवळ्याच्या एका कॉलेजात ऑफिसात बसणारी. सगळेच पोटापाण्यासाठी इकडे आलेले, सगळ्यांच्या घराचे हप्ते चालू. अशा माणसांना रविवारी सकाळी दोन तास बरं वाटावं, एवढीच अपेक्षा असते. त्यात हे आले.

नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या मुलांच्या बोर्डिंगचे ते वॉर्डन होते. सगळी नोकरी तिथंच काढलेली. बायको वारली, मूलबाळ नाही, म्हणून रिटायर झाल्यावर पुतण्याकडे आले. पुतण्याच्या घरात ते पहाटे उठून सगळ्यांचे बूट पुसायला लागले आणि सुनेची भांडी घासायला लागले, तेव्हा सून म्हणाली, एक तर हे राहतील नाही तर मी. मग चांद्यातच एका शेतकऱ्याच्या घरामागं त्यांना खोली घेऊन दिली. उंच, ताठ माणूस. पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, वर पट्टा. आवाज असा की एका हाकेत अख्खं बोर्डिंग उठून बसावं. त्या आवाजात ते म्हणायचे, "मी काहीच नाही." खाली दुकानात पाइप मोजणारा पोऱ्या वर बघायचा.

बसायची त्यांची जागा ठरलेली होती. दाराशी, जमिनीवर, चपलांजवळ. गुडघे गेलेले, पण खुर्ची नको. बसताना कण्हत म्हणायचे, "खाली. अजून खाली उतरायचंय." आलेल्या प्रत्येकाच्या चपला जोडीनं लावायच्या, तोंडं बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे जाताना पाय सरळ आत जातो. आणि कोणी उशिरा येऊन चप्पल तिरकी टाकली, की भर उपदेशात उठून ती सरळ करायची. पाळकसाहेब बोलायचे थांबायचे. सगळे मागं बघायचे. ते मान खाली घालून म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या, माझ्याकडे लक्ष देऊ नका."

एकदा प्रीतिभोजनाला मजा झाली. उपासनेनंतर महिन्यातून एकदा आम्ही सगळे एकत्र जेवतो. हे नेहमी शेवटी जेवणार, खरवड उरली तर खाणार. त्या दिवशी दुसऱ्या एका आजोबांनीही ठरवलं की आपण शेवटी जेवायचं. मग पातेल्यापाशी दोघं उभे. आधी तुम्ही. छे, आधी तुम्ही. मी पापी माणूस. अहो, मी तुमच्याहून पापी. आमचे हात धुऊन झाले, बडीशेप खाऊन झाली, तरी हे तिथंच. शेवटी पातेलं घासायला नेलं. दोघंही उपाशी राहिले आणि दोघंही खूश. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, यांच्या नम्रतेत बिचारा भात थंड होऊन गेला.

बसमध्येही तेच. पौडहून येताना एकदा मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. कॉलेजचा एक मुलगा चढला, तर हे उठून उभे. "बसा, तुम्ही बसा." मुलगा बिचारा लाजला, "नाही आजोबा, तुम्ही बसा की." "मी उभा राहीन, तुम्ही बसा." "नको, खरंच नको." "बस म्हणतो ना!" अख्खी बस गप्प झाली. मुलगा बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, उतरेपर्यंत हलला नाही.

त्यांच्या घरमालकीणबाईंची तऱ्हा आणखीनच. त्यांची रस्त्याकडची जमीन विकून झालेली, बंगला झालेला, पण दोन म्हशी सवय म्हणून ठेवल्या होत्या. वॉर्डन रोज सकाळी जाऊन त्यांचा गोठा झाडायचे. बाई माझ्याकडे तक्रार करायच्या. "ताई, तुमच्या ह्या सरांना सांगा काईतरी. येवडा शिकल्याला मानूस माज्या दारात शेण काडतोय, लोकं मला नावं ठेवत्यात. म्या म्हनलं, सर, आवो गडी हाय आमचा. तर म्हनत्यात, मला खाली उतरू द्या. म्या म्हनलं, उतरा की, पर माज्याच गोठ्यात का?"

त्यांची साक्ष आम्हाला पाठ झाली होती. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात प्रभूनं काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. ते सांगायचे की बोर्डिंगात त्यांच्या हातात निरगुडीची छडी असायची आणि पोरं तिला वॉर्डनची बायको म्हणायची. कसे मारले, कोणाला मारले, कुठं वळ उठले, सगळं सांगायचे. मग रिटायर व्हायच्या आधी कुठल्याशा शिबिरात आंब्याच्या झाडाखाली प्रभूनं त्यांना धरलं. ते ढसाढसा रडले, आणि सगळ्यांसमोर छडी गुडघ्यावर ठेवून मोडली. त्या दिवशी वॉर्डन मेला आणि सेवक जन्माला आला, असं म्हणून ते पुन्हा रडायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही रडले. माझे वडील अशाच बोर्डिंगात शिकले होते, त्यांच्या पाठीवरचे किस्से मी ऐकलेले. पण दर महिन्याला तीच छडी, त्याच गुडघ्यावर, त्याच जागी हुंदका. मग मी त्या वेळेत भाजीची यादी करायला लागले.

आता मूळ गोष्टीवर येते.

आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत पाय धुवायची पद्धत नव्हती. हे खूळ वॉर्डनांनीच काढलं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तर गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आपण एकमेकांचे धुऊ. एकमेकांचे कसले, सगळ्यांचे तेच धुणार होते. पाळकसाहेबांना नाही म्हणता येईना. मालकीणबाईंकडून तांब्याची कळशी आणली, निळा प्लास्टिकचा टब, कमरेला पंचा. आणि आमची माणसं कशी असतात बघा. पाय धुऊन घ्यायचेत म्हणून सगळे घरून पाय घासूनपुसून आले होते. बायकांनी नेलपॉलिश लावलेलं. मीही टाचा दगडानं घासल्या. घाणेरडे पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचे म्हणजे काय, लाज नको वाटायला? त्यामुळे वॉर्डन एकेकाचे स्वच्छ पाय धुवत पुढं सरकत होते आणि टबातलं पाणी पुन्हा ओतून घेता आलं असतं इतकं निर्मळ राहिलं होतं.

एकच माणूस ड्यूटीवरून सरळ आला होता. आमच्या कॉलेजच्या गेटवरचे सिक्युरिटी सुपरवायझर. महिन्या-दोन महिन्यांपासून मंडळीत येत होते, मागच्या बाकावर बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. पंचेचाळिशीचे असतील. दिवसभर बूट घातलेले, मोजे घामानं ओले. वॉर्डन त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसले आणि बुटाची नाडी सोडता सोडता त्यांनी सहज विचारलं, "कुठलं गाव आपलं?"

त्यांनी गाव सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्याच बोर्डिंगचा आहे मी, सर."

वॉर्डनांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं. आणि मग दोन्ही हातांनी तो पाय धरून त्यांनी कपाळ त्यावर टेकवलं आणि त्या आवाजात सुरू केलं, "मंडळी, ऐका. या लेकरावर मी अन्याय केला. मी पापी. सगळ्यांच्या साक्षीनं मी याच्या पाया पडतो, याची क्षमा मागतो." हुंदके सुरू झाले. पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघी डोळे पुसायला लागल्या.

सुपरवायझरांनी पाय ओढून घेतला. जोरात नाही, हळूच. म्हणाले, "बस करा सर. तेव्हा सगळ्यांसमोर मला उभं केलं होतंत. आज परत सगळ्यांसमोरच."

एक बूट पायात, एक हातात, असे ते जिना उतरून गेले. वॉर्डन तसेच टबापाशी बसून राहिले. पाळकसाहेबांनी शेवटी एक गीत सुरू केलं.

त्यानंतर वॉर्डन रविवारी येईनात. ईस्टरलाही आले नाहीत. चपला दारात अस्ताव्यस्त पडायच्या आणि आम्ही एकमेकांच्या पायांवर पाय देत उतरायचो. माझं घर त्यांच्या खोलीच्या जवळ, म्हणून पाळकसाहेबांनी मला पाठवलं. गेले तर ते खुर्चीवर बसलेले. त्यांना खुर्चीवर मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बस," म्हणाले. मला आधी नेहमी 'तुम्ही' म्हणायचे. मी पलंगाच्या कडेला बसले.

"तो पोरगा कोण होता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काका, तुम्हीच त्यांची क्षमा मागितलीत की."

"मला आठवत नाही तो. त्याचं तोंड आठवत नाही, नाव आठवत नाही. काय केलं मी त्याचं, तेही आठवत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "बोर्डिंगचा म्हणाला आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. रडूसुद्धा आपोआप आलं. सवय झालीय गं मला रडायची."

उपदेश करणं मला जमत नाही. मी उठून चहा ठेवला.

"छडी मोडली ती बाहेरची," ते म्हणाले. "आतला वॉर्डन आहे तसाच उभा आहे. आधी पोरांवर ओरडायचा, आता मी किती नम्र आहे ते ओरडून सांगतो. मला वाटत होतं, खाली खाली जातोय. कसलं काय. खालच्या जागेवरसुद्धा मलाच मिरवायचं होतं." चहा त्यांनी घेतला नाही. "प्रभुभोजन मी आता घेणार नाही. ज्याचं माझ्याविषयी मन दुखलेलं आहे, त्याच्याशी आधी समेट, मग भाकर. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं मी. आता स्वतः कसं घेऊ? तू त्याला विचार. काय केलं होतं मी, एवढं विचारून ये."

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात. बाहेरच्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण जुन्या मिशनच्या माणसाला त्या पंगतीतून उठणं म्हणजे देवाच्या घरातून बाहेर पडण्यासारखं आहे. त्यांच्या तोंडचं ते ऐकून मला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर गेले. सुपरवायझरांनी केबिनमधली खुर्ची मला दिली, स्वतः दारात उभे राहिले.

"सरांनी पाठवलं का मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "त्यांना आठवत नाही."

ते हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "नसेलच आठवत. रोजचं काम होतं त्यांचं."

मग त्यांनी सांगितलं. ते सातवीत होते. वडील आधीच गेलेले, घरी आई एकटी. गावाकडून दूध घेऊन येणाऱ्या माणसानं निरोप आणला की आई आजारी आहे, पोराला पाठवून द्या. त्यांनी वॉर्डनना सांगितलं. वॉर्डननी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, खोटं बोलतोयस. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्या पोरांपुढं उभं केलं. खोटारडा कसा दिसतो ते बघून घ्या, म्हणाले. जोवर कबूल करत नाही तोवर रोज असाच उभा राहशील. मारलं नाही, नुसतं उभं केलं.

"मग एका संध्याकाळी मी कबूल केलं," ते म्हणाले. "म्हटलं, हो सर, खोटं बोललो, आई बरी आहे. सर म्हणाले, शाबास. आज खरं बोललास. माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली त्यांनी. दुसऱ्या दिवशी मामा न्यायला आले. आईला पुरून आले होते ते."

बाहेर पोरांच्या गाड्या येत-जात होत्या. त्यांनी एका रिक्षावाल्याला हात करून बाजूला घ्यायला लावलं.

"मंडळीत मी त्यांना बघायला येत होतो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच ओळखलं. म्हटलं, बघू तरी, माणूस बदलतो का. मॅडम, मला त्यांचं वाईट करायचं नाही. पण माफ करणं माझ्याच्यानं होत नाही. मी प्रयत्न केला. रात्री गुडघ्यावर बसून पण केला. होतच नाही, तर काय करू? लग्न केलं नाही, घर केलं नाही. का केलं नाही म्हणून कोणी विचारलं तर सांगता येत नाही."

हे सगळं जाऊन त्या म्हाताऱ्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्यांनीच विचारायला पाठवलं होतं. मी सांगितलं, काही न वगळता. ते खुर्चीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या काळात सगळ्याच पोरांच्या आया आजारी असायच्या. घरी जायला मिळावं म्हणून. मला तोंडावरून कळायचं खोटं. सगळे शिक्षक म्हणायचे, वॉर्डनच्या नजरेतून सुटत नाही." आणि त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. रडले नाहीत. मी वाट बघत होते की आता रडतील.

पावसाळ्यात त्यांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि घरी न्या म्हणाले. पुतण्या घरी न्यायला तयार होता, सूनसुद्धा हो म्हणाली, पण ते खोली सोडायला तयार होईनात. मालकीणबाईच त्यांचं करायच्या. पेज भरवायच्या, कपडे धुवायच्या. "माज्या गोठ्याचं फेडतेय," म्हणायच्या मला, आणि तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावायच्या.

पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी गेले. आजाऱ्याला घरी जाऊन देतात आमच्यात. वॉर्डननी तोंड मिटून घेतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. माणूस मरायला टेकलाय, भाकरीवाचून जाणार, आणि त्या सुपरवायझरला एक शब्द बोलवत नाही. काय जातंय त्याचं? आमची माणसं वाईट नाहीत. पण दुसऱ्याच्या क्षमेची त्यांना फार घाई असते. मी पाळकसाहेबांना म्हटलं, त्यांना आणू नका, त्यांच्यावर हे लादू नका. ते म्हणाले, "ताई, क्षमा केली तर त्याच्याही मनावरचा दगड उतरेल." दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन ते गेटवर गेले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेले. ड्यूटीवरच्या माणसाला तिथून उठून जाताही येत नव्हतं.

एका दुपारी त्यांना घेऊन आले. खोलीत मावत नव्हती इतकी माणसं. मी मालकीणबाईंशेजारी पलंगाच्या डोक्याशी उभी होते. स्टुलावर पांढरं फडकं टाकून ताटलीत भाकरीचे तुकडे ठेवलेले, बाजूला द्राक्षरसाचा पेला. सुपरवायझर गणवेशातच होते. ते पलंगापुढं येऊन उभे राहिले, ताठ, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"सर, मी तुम्हाला माफ केलं," ते म्हणाले. हजेरी द्यावी तसं.

पाळकसाहेब "आमेन" म्हणाले, त्यांच्यामागून बाकीचेही म्हणाले. कोणीतरी मोठा श्वास सोडला. पाळकसाहेबांनी ताटली उचलली.

वॉर्डन सुपरवायझरांच्या तोंडाकडे बघत होते. डोळे पिवळे झालेले, पण रोखलेले तसेच. मग म्हणाले, "खोटं बोलतोय हा."

सुपरवायझर पांढरेफटक पडले. खरंच सांगते, त्या क्षणी त्यांच्या जागी मला सातवीतला मुलगा दिसला.

"बंधू, असं म्हणू नका," पाळकसाहेब म्हणाले. "त्यानं देवासमोर शब्द दिलाय."

"त्याला कोणी बोलायला लावलं?" वॉर्डननी विचारलं. दोघे वडीलधारे खाली बघायला लागले. "लावलं ना? मी पण असंच लावलं होतं." त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाले, "ती ताटली परत न्या. मला नको. त्याला कोणी काही बोलू नका. त्याची काही चूक नाही."

मग ते सुपरवायझरांकडे वळून काहीतरी म्हणाले. एके काळी अख्खं बोर्डिंग उठवणारा तो आवाज, पण पलंगापासून हातभर अंतरावर उभ्या माणसापर्यंत पोचेना. सुपरवायझर तसेच ताठ उभे. शेवटी मालकीणबाईंनी वाकून ऐकलं आणि सांगितलं, "घरी जावा म्हनत्यात त्ये तुमास्नी. घरी जा, म्हनत्यात."

ते गेले. माणसांनी वाट करून दिली. मागोमाग बाकीचे एकेक करून निघाले, पाळकसाहेबांनी जाता जाता पुन्हा एकदा विचारलं, वॉर्डननी नको म्हणून मान हलवली. मला वॉर्डनांचा भयंकर राग आला होता. एवढं सगळं जुळून आलं होतं, घ्यायचा होता एक तुकडा. कोण विचारायला येणार होतं?

सगळे गेल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता राहिलंच ते."

"पुढच्या रविवारी बघू काका," मी म्हटलं.

"मला वाटायचं, शेवटी शेवटी तरी आत काही होईल. एवढं ऐकलं होतं, एवढं शिकवलं होतं. काही होत नाही गं. माणूस असतो तसाच जातो." हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, आवाजात दुःखही नव्हतं. बाजारात वस्तू मिळाली नाही असं घरी येऊन सांगावं, तसं सांगितलं. मला काहीतरी बोलायचं होतं. या वेळी तुम्ही त्यांना घरी जाऊ दिलंत, ते तुम्हाला कळलं का, असं विचारायचं होतं. पण तेवढ्यात मालकीणबाई पेज घेऊन आल्या.

पुढचा रविवार त्यांनी पाहिला नाही.

आमच्यासाठी इकडे दफनभूमी नाही. पुण्यात न्यावं लागलं. पाळकसाहेब चांगले बोलले. नम्रता म्हणजे काय ते या बंधूकडून शिकावं, म्हणाले. चपलांचं सांगितलं, पाय धुतल्याचं सांगितलं, गोठा झाडल्याचंही सांगितलं. त्या दुपारबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं उठून सांगावं, पण काय सांगणार होते मी? तो माणूस भाकरीवाचून गेला, मी काही बदललो नाही असं म्हणत गेला, आणि त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे एका दुपारपलीकडे काही नव्हतं.

सुपरवायझर आले होते. मागं, भिंतीपाशी उभे होते. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, त्यांनीही टाकली. परत निघताना मी त्यांच्याजवळ गेले आणि न राहवून विचारलं, "त्या दिवशी म्हणालात ते आता तरी खरं झालं का?"

त्यांनी मान हलवली. "नाही मॅडम. खोटं कशाला बोलू."

आम्ही दफनभूमीच्या दारापर्यंत चालत आलो. तिथं ते थांबले.

"त्या दिवशी सर घरी जा म्हणाले ना," ते म्हणाले, "तर मी खरंच निघालो. ड्यूटीवर परत गेलोच नाही. शिवाजीनगरला गेलो, नगरच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं तिकीट फाडून हातात दिलं. तेव्हा आठवलं, तिथं आता कोणीच नाही."